बाईकचं खरं बिल किती? आणि कंपनी दाद देत नसेल तर काय करायचं?



या आठवड्याच्या व्हिडिओत डिलिव्हरीच्या बाईकचा विषय काढला होता. तिथे सगळं बोलता आलं नाही, म्हणून इथे हिशोबासकट लिहितो. तुमचा धंदा टिफिनचा असो, मसाल्याचा असो की पाण्याच्या जारचा, गाडी बंद म्हणजे गल्ला बंद.

झालं काय?

जळगावात माझं भांडी, मिक्सर, गॅस शेगड्यांचं दुकान आहे. घरपोच माल आणि फिटिंग, यावरच आमचं गिऱ्हाईक टिकून आहे. रविवारी मी धुळ्याला ट्रेनिंग बॅच घेतो. दोन्ही कामांना एकच बाईक. मागच्या उन्हाळ्यात ती चालता चालता बंद पडायला लागली.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली. त्यांनी कॉम्प्युटर लावला, म्हणाले सेन्सर गेला. पाच दिवस गाडी तिथेच. बिल ६,४००. गाडी वॉरंटीत होती, पण "हे वॉरंटीत बसत नाही" असं तोंडी सांगितलं आणि मीही मान डोलावली. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच दुखणं. आणखी चार दिवस, आणखी १,२५०. टोल-फ्रीला फोन केला तर "सर, तक्रार पुढे पाठवली आहे." दोन दिवसांनी मेसेज आला, तक्रार निकाली निघाली. मला एकही फोन आला नव्हता!

पुढच्या रविवारी धुळ्याला निघालो आणि पारोळ्याच्या अलीकडे गाडी परत बंद. मे महिन्याचं ऊन, तिकडे धुळ्यात तीस जण वाट बघतायत. ढकलत एका गॅरेजपर्यंत नेली. "काय जयं भाऊ?" म्हणत मिस्त्रींनी टाकी काढली. हँडलजवळ एक वायर घासून उघडी पडली होती. हँडल वळलं की शॉर्ट. टेप मारली, वायर नीट बांधली. १८० रुपये. त्यानंतर गाडी त्या कारणाने बंद पडली नाही.

आता हिशोब करू

- सर्व्हिस सेंटरची दोन बिलं: ६,४०० + १,२५० = ७,६५०
- नऊ दिवस माल पोचवायला भाड्याची रिक्षा, रोज ३००: २,७००
- वेळेत न गेल्यामुळे रद्द झालेल्या ऑर्डरचा नफा: अंदाजे ४,०००

एकूण १४,३५०. म्हणजे कागदावरच्या बिलाच्या जवळपास दुप्पट. आपण फक्त बिल बघून चिडतो, बंद दिवस मोजतच नाही. धंद्यात बंद दिवस हाच मोठा खर्च.

दुरुस्ती एवढी महाग का?

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-सिक्स नियम लागू झाले. कार्बोरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आणि सेन्सर आले. ते तपासायला स्कॅनर लागतो, सुटे भाग लागतात, माहिती लागते. ती बाहेरच्या मिस्त्रीला सहज मिळत नाही, म्हणून गिऱ्हाईक कंपनीच्याच दाराशी बांधलं जातं. चारचाकीत हा वाद आधीच गाजलाय. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने याच कारणावरून १४ कार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलात गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यात वाहन क्षेत्रही आहे.

पण एक लक्षात ठेवा. वॉरंटीतली गाडी बाहेर उघडली तर कंपनी पुढे हात वर करू शकते. मी नाइलाजाने तो धोका घेतला, तुम्ही विचार करून घ्या.

माझी चूक आणि तुमच्यासाठी पाच कामं

माझी चूक एकच: सगळं तोंडी ठेवलं. तोंडी तक्रार म्हणजे न केलेली तक्रार.

१. गाडी देताना जॉब कार्डवर दुखणं तुमच्या शब्दांत लिहून घ्या. "जनरल चेकअप" लिहू देऊ नका.

२. "वॉरंटीत बसत नाही" म्हणाले तर कारण लेखी मागा. बदललेला जुना पार्टही मागा.

३. कंपनीला ईमेल करा: तारखा, बिलं, काय हवंय आणि किती दिवसांत.

४. उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा आणि नंबर जपून ठेवा.

५. तरीही नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे धुळ्याच्या माणसाला मुंबईला जायची गरज नाही. मुदत दोन वर्षं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. ऑनलाइनही दाखल होते.

"गाडी धंद्याची आहे, तुम्ही ग्राहक नाही" असं कुणी सांगेल. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरलेली वस्तू असेल तर कायदा तुम्हाला ग्राहकच मानतो. दहा पोरं आणि दहा गाड्या असतील तर मात्र वकिलाला विचारा.

नोंदवल्याने काय होतं? ओला इलेक्ट्रिकचं प्रकरण बघा (माझी गाडी त्यांची नव्हती). सप्टेंबर २०२३ ते ऑगस्ट २०२४ या वर्षभरात हेल्पलाइनवर त्यांच्याविरुद्ध १०,६४४ तक्रारी आल्या. त्यावरून ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कंपनीला नोटीस काढली. ९९.१ टक्के तक्रारी सोडवल्या असं कंपनीने उत्तर दिलं. ते पटो न पटो, उत्तर द्यावं लागलं ना! त्याआधी सप्टेंबरमध्ये कलबुर्गीत एका चिडलेल्या ग्राहकाने शोरूम पेटवलं आणि अटक त्यालाच झाली. म्हणून आग नको, अर्ज करा.

आणि आता खरी गोष्ट

या सगळ्यानंतर महिनाभराने एक मावशी मिक्सर घेऊन दुकानात आल्या. दोनदा दुरुस्त होऊनही बंद. मी सवयीने म्हणालो, "मावशी, कंपनीला फोन करा, नंबर बॉक्सवर आहे." त्या म्हणाल्या, "मिक्सर मी कंपनीकडून नाही घेतला, तुमच्याकडून घेतला."

काय बोलणार? त्यांचं सर्व्हिस सेंटर मीच होतो. त्या दिवसापासून दुकानात एक वही ठेवली: तारीख, तक्रार, कंपनीला कधी कळवलं, गिऱ्हाइकाला परत फोन कधी केला. कंपनीला फोन आता आम्ही करतो. दुरुस्ती लांबली तर वापरायला दुकानातला मिक्सर देतो.

मित्रांनो, माल सगळेच विकतात. बिघडल्यावर जो फोन उचलतो, त्याच्याकडे गिऱ्हाईक परत येतं. आज दोन कामं करा: गाडीचा गेल्या वर्षाचा खर्च बंद दिवसांसकट काढा, आणि एक तक्रार वही विकत घ्या. वही पन्नास रुपयांत येते.

भेटू पुढच्या व्हिडिओत.