गोधडी टाकण्याआधी : सुटलेला दोरा, झिजलेला काठ आणि घरच्या घरी दुरुस्ती

बेळगाव : घटस्थापना जवळ आली की घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायला निघतं. कुणी मार्कंडेय किंवा मलप्रभेच्या काठी जातं, कुणी गच्चीवरच्या टाकीपाशी, तर कुणाला अपार्टमेंटच्या न्हाणीघरातच उरकावं लागतं. जुन्या गोधड्यांचा निकाल याच धुण्यात लागतो. चार ठिकाणी दोरा सुटलाय, काठ कुरतडल्यासारखा झालाय, आतलं रंगीत लुगडं बाहेर डोकावतंय असं दिसलं की ती गोधडी पायपुसणं होते, गाडी पुसायचं फडकं होते, नाही तर थेट कचऱ्याच्या गाडीत जाते.

यातल्या बऱ्याच गोधड्यांचं कापड अजून धड असतं. गेलेला असतो तो फक्त दोरा. आणि एकदा टाकून दिलं की तसं कापड पुन्हा मिळत नाही. आजच्या घरात रोज नेसायच्या साड्या बहुतेक पॉलिस्टरच्या. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती नऊवारी, धोतर, शहापूर-वडगावच्या मागावरचं लुगडं किंवा इलकल साडी हे सगळं आता उरलं असेल तर गोधडीच्या थरांतच.

नावं प्रांतागणिक वेगळी आहेत. सीमाभागातल्या मराठी घरांत वाकळ, शेजारच्या कन्नड घरात कौदी, बडोद्याकडे गोदडी, इंदूर-ग्वाल्हेरकडे गुदडी किंवा कथरी, हैदराबादकडे तेलुगूत बोंत. वस्तू एकच : जुन्या सुती कापडाचे थर एकावर एक आणि त्यांतून आरपार घातलेला धावदोरा. कापूस भरलेली रजई वेगळी. तिच्या आतला कापूस गोळा झाला तर तो पिंजावाच लागतो, ते घरी जमण्यासारखं नाही.

आधी काय गेलंय ते बघा

गोधडी खिडकीसमोर दोघांनी धरली की उजेडात सगळं कळतं. जिथं जास्त उजेड येतो तिथं आतला थर सरकलेला किंवा विरलेला. जिथं काळपट गठ्ठा दिसतो तिथं तोच थर गोळा होऊन बसलेला.

बिघाडाचा क्रमही जवळपास ठरलेला असतो. टाका कापडाच्या वर उघडा असतो, त्यामुळे घासून घासून दोरा पहिल्यांदा तुटतो. दोरा तुटला की थर एकमेकांवर सरकायला लागतात, आतल्या आत घासतात आणि मग कापड फाटतं. दुसरी जागा काठाची. ओढताना हात तिथं, झोपेत ताण तिथं, आणि डोक्याकडच्या बाजूला केसांचं तेल. वरच्या कापडाची पाळी सगळ्यांत शेवटी येते. म्हणून सुटलेल्या टाक्यांकडे वेळीच बघितलं तर ठिगळाची वेळ पुष्कळ लांबते.

कापडात जीव आहे की नाही, याची परीक्षा सोपी आहे. दोन चिमटींत वरचं कापड धरून हलकेच ताणायचं. टिकलं तर सुई पेलेल. बारीक आवाज करत विरत गेलं तर तिथं टाका धरणार नाही, त्या जागेवर पूर्ण ठिगळच लागेल.

हिशेबही मांडून बघण्यासारखा आहे. चार फूट बाय सहा फुटांची गोधडी, इंचाइंचावर एक ओळ धरली तर 48 ओळी, प्रत्येकी सहा फूट. म्हणजे 288 फूट शिवण. हाताचे टाके इंचाला चार-पाच धरले तर 14 ते 17 हजार टाके. नवी गोधडी शिवून देणाऱ्या बाईने मजुरी सांगितली की घासाघीस करणाऱ्यांनी हा आकडा एकदा डोळ्यांसमोर आणावा. उलट चारही काठांचा घेर फक्त 20 फूट. काठ नवा केला आणि सुटलेल्या पाच-दहा ओळी भरल्या तर बाकीचे हजारो टाके आपल्याला फुकटच मिळालेले असतात.

दोरा कापडापेक्षा कमजोर हवा

दुरुस्तीतली नेहमीची चूक म्हणजे मजबूत काम करायला जाणं. नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा दोरा घेतला, मशीनवर दडदडा चार शिलाया मारल्या, की काम पक्कं झालं असं वाटतं. पण जुनं सुती कापड नरम असतं आणि कृत्रिम दोरा तुटत नाही. ताण आला की तुटायचं कुणी, तर मग कापडच तुटतं. दोरा सुरीसारखा त्यात उतरतो आणि पुढच्या धुण्यापर्यंत ठिगळाच्या कडेनेच नवी फाट पडते. सुती दोरा असेल तर ताण आल्यावर दोरा तुटेल, कापड वाचेल. तुटलेला दोरा पुन्हा घालता येतो.

मशीनची दुसरी अडचण म्हणजे ती इंचाला दहा-बारा टाके घालते. विरलेल्या कापडात तेवढी भोकं पाडली की तिकिटाच्या कडेसारखी फाडायची रेघच तयार होते. नव्या कापडाचा गोट लावताना पहिली शिवण मशीनवर चालेल, पण जुन्या अंगावर हातच हवा.

दोरा सुती आहे की नाही याची खात्री दुकानदाराच्या सांगण्यावर सोडू नये. टोक जाळून बघावं. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि बोटात चुरगळणारी राख उरते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी धरतो. ठिगळाच्या कापडालाही हीच परीक्षा. पॉलिस्टरच्या साडीचं ठिगळ दिसायला झकास, पण ते घाम शोषत नाही, घसरतं, आणि सुती कापडाबरोबर धुण्यात आक्रसत नाही, म्हणून कडेने फुगे येतात. नवं सुती कापड घेतलं तर ते आधी एकदा धुऊन वाळवून घ्यावं. आकसायचं ते बाहेरच आकसू दे.

धुणं दुरुस्तीच्या आधी, पण टाचून

मळ आणि तेल अडकलेल्या कापडात सुई अडते, आणि धूळ धाग्याला आतून कापत राहते. त्यामुळे धुणं आधीच हवं. मात्र सुटलेली गोधडी तशीच पाण्यात घातली तर ती अजून सुटते. फाटक्या जागांवर जुनं मलमलचं फडकं ठेवून लांब-लांब कच्चे टाके घालावेत, मग भिजवावी.

भिजवण्याआधी रंगाची परीक्षा करावी. पांढरं ओलं फडकं प्रत्येक रंगावर दाबून धरायचं. लाल आणि गडद निळ्याकडे जास्त लक्ष, विशेषतः इलकलच्या लाल पदराचा तुकडा असेल तर. रंग उतरला तर गार पाण्यात, थोड्या साबणात, भराभर धुऊन काढावी. भिजत ठेवू नये.

दोन-तीन किलोची गोधडी भिजली की दुपटीहून जड होते. ती पिळायची नाही, धोपटण्याने बडवायची नाही, एका टोकाला धरून उचलायची तर अजिबात नाही. स्वतःच्या ओझ्यानेच तिचे टाके तुटतात. दोघांनी खालून हात घालून उचलावी, उतरत्या फरशीवर किंवा पाटावर घडी करून पाणी निथळू द्यावं, आणि मग खाटेवर किंवा दोन-तीन दोऱ्यांवर आडवी पसरावी. घरच्या वॉशिंग मशीनचा मोह टाळलेला बरा, मधला दांडा फिरणाऱ्या मशीनचा तर नक्कीच.

कणकुंबी, आमगावकडच्या पावसात गोधडीला बुरशी न लागणं कठीणच. ती कोरडी असतानाच घराबाहेर नेऊन मऊ ब्रशने झाडावी, मग ऊन द्यावं, मग धुवावी. काळे ठिपके पूर्ण जात नाहीत. ते घालवायला ब्लीच वापरलं तर ठिपक्याबरोबर कापडही जातं. ठिपका राहिला तर राहू द्यावा, त्याने ऊब कमी होत नाही.

टाका, ठिगळ, गोट

सुटलेली ओळ भरताना सुरुवात तुटलेल्या टोकापासून करू नये. धड टाक्यांच्या आत दोन-तीन बोटं मागे जाऊन, जुन्या ओळीवरूनच निघावं आणि पलीकडेही तेवढंच पुढे जाऊन थांबावं. दोरा हातभरच घ्यावा. लांब घेतला की गुंता होतो आणि ओढून ओढून विरतो. मेणाच्या तुकड्यावरून एकदा फिरवला तर सरळ चालतो. गाठ दोन थरांच्या मध्ये ओढून घ्यावी. टाका इतकाच ओढायचा की कापड चपटं राहील. चुणी दिसली म्हणजे जास्त ओढला.

आतला थर गोळा झाला असेल तर वरून शिवून काही होत नाही. जवळच्या काठाची शिवण वीतभर उसवावी, हात आत घालून कापड सपाट करावं, वरून कच्चे टाके घालून बसवावं आणि मगच ओळ घालावी. आत खड्डा पडला असेल तर त्याच जाडीचं जुनं सुती कापड सरकवावं. टॉवेल घालू नये, तिथं उशी तयार होते.

ठिगळ फाटीपेक्षा चहूबाजूंनी दोन बोटं मोठं हवं. फाटीची नव्हे, धड कापडाची हद्द मोजायची. कडा आत दुमडून, मधून बाहेर असे कच्चे टाके घालावेत, कडेने बारीक हेम करावी, आणि शेवटी गोधडीच्या मूळ ओळी त्या ठिगळावरून सर्व थरांतून पुढे न्याव्यात. ही शेवटची पायरी पुष्कळजण गाळतात. मग ठिगळ वरच्या थराला लटकत राहतं आणि त्यालाच फाडतं.

ओळी कशा जातात तेही बघायला हवं. आपल्याकडे कुठे सरळ आडव्या ओळी असतात, कुठे चौकोनात आत आत जाणाऱ्या. खानापूर, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागातल्या सिद्दी बायकांची कवंदी कडेपासून सुरू होऊन फेऱ्या घेत मध्यापर्यंत येते, आणि तिच्या चार कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची ‘फुलं’ असतात. फुलांशिवाय कवंदी उघडी, अपुरी मानतात. अशी कवंदी घरात असेल आणि कोपरा झिजून फूल गेलं असेल तर तिथं नुसता गोट फिरवून मोकळं होऊ नये, फूल परत लावावं.

काठासाठी सगळ्यांत चांगली वस्तू म्हणजे जुन्या सुती साडीचाच काठ. तो घट्ट विणलेला असतो, अंगापेक्षा जास्त टिकतो. वीस फुटांच्या घेराला साडेपाच मीटरच्या साडीचा एक काठ, म्हणजे 18 फूट, थोडक्यात कमी पडतो. दुसऱ्या काठातून जोड द्यावा लागतो. नऊवारीचा काठ साधारण 27 फूट, म्हणजे पूर्ण फिरून उरतो. साडी नसेल तर 45 इंची पन्ह्याचं अर्धा मीटर सुती कापड पुरतं. तीन-तीन इंचांच्या सहा पट्ट्या निघतात, जोडून साडेबावीस फूट. काठ सरळ असल्याने पट्टी उरेब कापायची गरज नाही. जरीचा काठ मात्र लावू नये, तो टोचतो. झिजलेली कड कापून टाकायची नाही, गोटाच्या आत दुमडून घ्यायची. तेवढंच कापड धरायला राहतं.

संपूर्ण वरची बाजूच विरली असेल तर नवं आवरण घालून पुन्हा सगळ्या ओळी घालाव्या लागतात. पूर्वी तेच करत. जुनी गोधडी नव्याच्या पोटात जायची. पण वजन वाढतं, आणि पाच-सहा थरांच्या पुढे सुई ओढायला दाभण लागतो. मनगटं दुखणाऱ्यांनी हे एकट्याने हाती घेऊ नये.

जिथं सुई लावू नये

हात लावताच भुगा होणारं कापड शिवून टिकत नाही. आठवण म्हणून ठेवायची असेल तर त्यावर पातळ मलमल किंवा मऊ जाळीचं कापड अंथरून, धड जागा शोधून मोजके टाके घालावेत, आणि ती पांघरू नये. संग्रहालयांतही विरलेल्या वस्त्रावर असंच पारदर्शक कापड घालून ते सांभाळतात.

अर्धीच गोधडी धड असेल तर तिची तान्ह्या बाळासाठी छोटी करता येते. कापायची रेघ आधी खडूने आखावी, रेघेच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या इंचावर धावदोऱ्याच्या दोन-दोन ओळी घालाव्यात, आणि मग मधून कात्री चालवावी. आधी कापलं तर थर सुटून हातात येतात.

ठेवताना खळ किंवा स्टार्च राहू देऊ नये, कसर त्यावरच येते. प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी धुतलेल्या सुती चादरीत गुंडाळून, वाळलेला कडुलिंबाचा पाला फडक्यात बांधून बाजूला ठेवावा. वर्षातून दोनदा बाहेर काढून ऊन द्यावं आणि परत ठेवताना घडी दुसऱ्या जागी घालावी, कारण ट्रंकेत पडून असलेली गोधडी बहुतेक वेळा घडीवरच चिरते.