आठवड्याला एक पौंड : लंडनमधल्या कामगाराच्या घरचा हिशेब

राणी व्हिक्टोरिया आणि तिचा मुलगा सातवा एडवर्ड यांचा काळ म्हटला, की डोळ्यांसमोर बग्ग्या, झुंबरं आणि हातमोजे घातलेले नोकर येतात. आज आपण त्याच लंडनमधल्या कामगाराच्या घरात जाऊ. फौजेतून निवृत्त झालो तरी रसदीचा हिशेब बघायची माझी सवय सुटलेली नाही. इतिहास वाचतानाही मी आधी शिध्याकडे बघतो.

नाणी आधी समजून घेऊ. १२ पेन्सचा एक शिलिंग आणि २० शिलिंगांचा एक पौंड.

१९०९ ते १९१३ या काळात मॉड पेंबर रीव्ह्ज आणि फेबियन सोसायटीच्या महिला गटाने लंडनच्या लॅम्बेथ भागातल्या घरांचा आठवड्याचा खर्च लिहून घेतला. ही घरं भिकाऱ्यांची नव्हती. नवरा कामावर जाणारा, मिळकत साधारण एक पौंडाच्या आसपास.

पहिला घास घरमालकाचा. आठवड्याला २४ शिलिंग कमावणारा माणूस ८ शिलिंग भाडं भरायचा, म्हणजे मिळकतीचा तिसरा हिस्सा. वर्षाला २००० पौंड मिळवणाऱ्या साहेबाचं हेच प्रमाण सुमारे आठवा हिस्सा होतं. कोळशाचंही तसंच. ज्याच्याकडे साठवायला जागा तो एकदम टनभर घेई. गरिबाला आठवड्यापुरता थोडा थोडा घ्यावा लागे आणि तो महाग पडे. गॅस हवा तर मीटरमध्ये पेनी टाकायची.

मग मयतीचा विमा. प्रत्येक मुलामागे आठवड्याला एक पेनी, आईचे दोन पेन्स, बापाचे तीन. सहा मुलं असली की झाले ११ पेन्स. पोट रिकामं असताना हा कसला खर्च, असं आपल्याला वाटेल. पण बालमृत्यू नेहमीचे होते, आणि आपलं लेकरू बेवारसासारखं सरकारी खर्चाने पुरलं जावं, हे कुठल्या आईला सहन होईल?

भाडं चुकलं तर घर जातं, विमा चुकला तर आधी भरलेलंही जातं. कात्री लावायला उरतं फक्त जेवण. मांस आधी नवऱ्याच्या ताटात, कारण तो पडला तर सगळंच बसलं. मुलांना पाव आणि त्यावर जरासं मार्गारिन किंवा मुरंबा. आईच्या वाट्याला शेवटी जे उरेल ते. हा निर्दयपणा नव्हता, नाइलाज होता.

यॉर्क शहरात सीबोम राउनट्री यांनी हे गणित १९०१ मध्येच मांडलं होतं. नवरा, बायको आणि तीन मुलं यांना नुसतं शरीर धड ठेवायला आठवड्याला २१ शिलिंग ८ पेन्स लागतात : जेवण १२ शिलिंग ९ पेन्स, भाडं ४ शिलिंग, कपडे, दिवाबत्ती, जळण वगैरे ४ शिलिंग ११ पेन्स. यात वर्तमानपत्र नाही, ट्रामचं तिकीट नाही, तंबाखू नाही. ताजं मांससुद्धा नाही!

याची किंमत साम्राज्याला भरतीच्या मैदानावर कळली. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात औद्योगिक शहरांतले कितीतरी तरुण भरतीला आले आणि शारीरिक तपासणीत नापास झाले. ज्या वयात हाडं भरायची, त्या वयात त्यांच्या पोटात पाव आणि चहा गेला होता. भरती झाल्यावर कवायत करून घेता येते, पण बालपणीची उपासमार भरून काढता येत नाही.

सरकारने समिती नेमली, १९०४ मध्ये तिचा अहवाल आला. १९०६ च्या कायद्याने शाळेत जेवण देण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना मिळाला आणि १९०७ च्या कायद्याने शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी आली.

म्हणून कुठल्याही काळाची महागाई अभ्यासताना नुसते भाव बघू नका. पैसे कमी पडले तेव्हा कुणाच्या ताटातलं कमी झालं, ते आधी शोधा. जय हिंद.