समुद्राकाठची वाट

आपल्या लासलगावची वाट रोज तिथेच असते. समुद्राकाठची वाट दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते!

अलिबागच्या दक्षिणेला आक्षी, नागाव, रेवदंडा ही गावे किनाऱ्याने ओळीने वसली आहेत. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला सुरूची झाडे आणि नारळी-पोफळीच्या वाड्या. सकाळी आक्षीहून निघावे, नागावात भाकरी खावी. तिकडचा पांढरा कांदा मिळाला तर जरूर घ्यावा. तो गोडसर असतो, हे लासलगावचे असूनही आम्ही कबूल करतो. पुढे रेवदंड्याला पोर्तुगीजांनी बांधलेला कोट लागतो. 1740 साली तो मराठ्यांकडे आला.

चालायचे ते ओहोटीला. तेव्हा वाळू ओली, घट्ट असते. पाय रुतत नाही. पण ओहोटी कधी, हे कसे कळावे? तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला चाराचे झाले तीन, म्हणजे सुमारे 3 वाजता पूर्ण भरती. अष्टमीला 6 वाजता. त्यानंतर सहा तासांनी, म्हणजे 12 च्या सुमारास, पुरी ओहोटी. तेव्हा अष्टमीचा दिवस चालायला बरा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येते, पाणी फार वर चढते. पावसाळ्यात तर किनाऱ्याने जाऊच नये. पाणी वाढू लागले, की गाव उरले असले तरी वाळू सोडावी आणि वाडीतून रस्ता धरावा.