हवेचा सातबारा

न्यूयॉर्कच्या पार्क अव्हेन्यूवर 1960 साली युनियन कार्बाइड कंपनीचं 52 मजली मुख्यालय उभं राहिलं. हो, तीच, भोपाळवाली. काच आणि पोलादाची ही इमारत दिसायला देखणी होती, पण दारातून आत शिरलेला नवखा माणूस बुचकळ्यात पडायचा. लिफ्ट कुठे आहेत? मुख्य लिफ्ट तळमजल्यावर नव्हत्याच. आधी सरकत्या जिन्यानं एक मजला चढायचा, मग तिथून लिफ्ट धरायची.

वास्तुशिल्पकाराची लहर? अजिबात नाही. कुठल्याही लिफ्टला सगळ्यात खालच्या थांब्याच्याही खाली काही फूट खड्डा लागतो. इथे तो खड्डा खणायला जमीनच नव्हती. फरशीच्या खालून आगगाड्या जात होत्या.

नीट विचार केला तर अंगावर काटा येतो. जगातल्या सर्वांत महागड्या रस्त्यांपैकी एक रस्ता, त्याच्या दुतर्फा बँका, हॉटेलं, कंपन्यांची मुख्यालयं, मधोमध फुलांचे वाफे. आणि हा सगळा थाट एका छपरावर मांडलेला! वर टॅक्सीची वाट बघत उभा असलेला माणूस खरं तर रेल्वे यार्डाच्या गच्चीवर उभा असतो. हे यार्ड 42 व्या रस्त्यावरच्या ग्रँड सेंट्रल टर्मिनलपासून उत्तरेकडे पसरतं, तेही एकावर एक अशा दोन मजल्यांत. पुढे ते निमुळतं होत होत चार रुळांचा बोगदा बनतं आणि गाड्या थेट 97 व्या रस्त्यापाशी उजेडात येतात.

मग ही गच्ची घातली कुणी, आणि का? गोष्ट सुरू होते धुरापासून.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला या जागी एक भलामोठा उघडा खड्डा होता. त्यात रुळांचं जाळं, शंटिंग करणारी वाफेची इंजिनं, शिट्ट्या आणि काजळी. आडवे रस्ते तिथे येऊन तुटायचे. पलीकडे जायचं तर पुलावरून. आसपास कोण राहील? वाळत घातलेले कपडे संध्याकाळपर्यंत काळे व्हायचे, तिथे श्रीमंतांनी घरं घ्यायचा प्रश्नच नव्हता. आज ज्याला पार्क अव्हेन्यूचं वैभव म्हणतात, ती जागा तेव्हा शहराची परसदारची उकिरड्याची बाजू होती.

8 जानेवारी 1902. सकाळची गर्दीची वेळ. बोगद्यात धूर आणि वाफ इतकी कोंडली होती की एका इंजिन ड्रायव्हरला धोक्याचे सिग्नल दिसलेच नाहीत. त्याची गाडी पुढे उभ्या असलेल्या गाडीवर मागून आदळली आणि 15 माणसं गेली. शहर खवळलं. 1903 साली न्यूयॉर्क राज्यानं कायदाच केला: 1 जुलै 1908 नंतर मॅनहॅटनमध्ये वाफेचं इंजिन आणायचं नाही.

रेल्वे कंपनीसाठी हा वज्राघात होता. सगळा मार्ग विजेवर न्यायचा म्हणजे वीजघरं, नवी इंजिनं, रुळांच्या कडेनं वीज वाहून नेणारा तिसरा रूळ. पैसा पाण्यासारखा जाणार आणि त्यातून तिकिटाचं एक पैशाचंही उत्पन्न वाढणार नाही. पण न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेचा मुख्य अभियंता होता विल्यम विल्गस. कॉलेजची पायरी न चढलेला, काम करत करत शिकलेला माणूस. अपघाताच्याच वर्षी, डिसेंबर 1902 मध्ये त्यानं आपल्या अध्यक्षांना एक पत्र लिहिलं. कायदा तर अजून व्हायचाच होता.

त्याच्या डोक्यात काय चमकलं ते पाहा. खड्डा उघडा का ठेवावा लागतो? धूर बाहेर जायला हवा म्हणून. विजेच्या गाडीला धूर नसतो. मग खड्ड्यावर झाकण का नको? आणि झाकण घालता येत असेल तर रूळ एकावर एक दोन मजल्यांत का नकोत? लांबच्या गाड्या वर, उपनगरी गाड्या खाली. तेवढ्याच जागेत जवळजवळ दुप्पट स्टेशन! आणि झाकण घातल्यावर त्या झाकणाच्या वर काय उरतं? हवा. ती हवा भाड्यानं द्यायची.

मला या पत्राचं फार कौतुक वाटतं. आपण समजतो की मोठमोठे टॉवर शहरं घडवतात. इथे मात्र टॉवरच्या आधी कितीतरी वर्षं एका अभियंत्यानं धुराचं गणित मांडलं होतं. धूर गेला की छप्पर येतं, छप्पर आलं की जागा जन्मते आणि त्या जागेच्या भाड्यातून धूर घालवण्याचा खर्च निघतो. कल्पना स्वतःच स्वतःचं बिल भरते.

आणि कायदा? आपल्याकडे जमिनीचा सातबारा असतो. त्यावर शेत, विहीर, झाडं सगळं लिहिलेलं. त्यावर हवा कुणी लिहीत नाही. पण जमिनीचा मालक तोच वरच्या अवकाशाचाही मालक, हे इंग्रजांकडून आलेलं जुनं तत्त्व अमेरिकी कायद्यात मुरलेलं होतं. विल्गसनं त्यातून व्यवहार काढला. जमीन रेल्वेकडेच ठेवायची, तिच्यावरून गाड्या पळवायच्या आणि वरचा अवकाश दुसऱ्या कुणाला तरी दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानं द्यायचा. एकाच प्लॉटचे उभ्यानं दोन तुकडे!

बांधकाम 1903 मध्ये सुरू झालं आणि पुढची दहा वर्षं चाललं. खरी कसरत अशी की एक दिवसही स्टेशन बंद ठेवायचं नव्हतं. म्हणून केक कापावा तसं काम झालं: पूर्वेकडून एक पट्टा घ्यायचा, त्यातले रूळ उखडायचे, खडक फोडायचा, दोन मजले घालायचे, गाड्या त्यावर आणायच्या, मग पुढचा पट्टा. शेजारी सुरुंग उडतायत आणि प्रवासी नेहमीसारखे घड्याळ बघत ऑफिसला निघालेत.

2 फेब्रुवारी 1913 ला नवं ग्रँड सेंट्रल उघडलं. 44 फलाट, फलाटांच्या संख्येत आजही जगात पहिलं. टोकाला गोल फिरणारे रूळ, म्हणजे रिकाम्या गाडीला मागे-पुढे न करता वळसा घालून बाहेर पडता येतं. मजल्यांमध्ये शक्य तिथे पायऱ्यांऐवजी उतार, म्हणजे सामान घेतलेला माणूस अडखळत नाही. मुख्य दालनाच्या छतावर तारांगण रंगवलं आहे, आणि गंमत म्हणजे ते उलटं आहे! पूर्वेची नक्षत्रं पश्चिमेला. उघडल्यावर काहीच दिवसांत एका प्रवाशाच्या ते लक्षात आलं म्हणतात. अजून कुणी दुरुस्त केलेलं नाही, आणि करूही नये. विल्गस मात्र 1907 मध्येच राजीनामा देऊन बाहेर पडला होता.

आता त्याच्या हवेचं काय झालं? भाडेकरू आले. बिल्टमोर हॉटेल, कमोडोर हॉटेल, ग्रेबार बिल्डिंग. 1929 मध्ये रेल्वेचं स्वतःचं मुख्यालय, ज्याच्या पोटातून पार्क अव्हेन्यूची वाहनं आरपार जातात. 1931 मध्ये 47 मजली वॉल्डॉर्फ ॲस्टोरिया. गाडीतून उतरा, छपराखालूनच हॉटेलात जा, तिथून कचेरीत, दुकानात. छत्री उघडायची गरज नाही. आज ‘मिश्र वापर’ आणि ‘स्टेशनभोवतीचा विकास’ अशा नावांनी नगररचनाकार ज्याची सादरीकरणं करतात, ते तिथे शंभर वर्षांपूर्वी रोज वापरात होतं. आपल्याकडे वाशी स्टेशनच्या डोक्यावरच्या कचेऱ्यांमध्ये कामाला जाणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. त्यांची लोकल अशीच पायाखालून जाते.

पण मजल्यांखाली गाडी धडधडत असताना वर माणूस झोपणार कसा? इथली करामत डोळ्यांना दिसतच नाही. इमारतीचे खांब रुळांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यांतून खाली उतरतात आणि थेट खडकावर टेकतात. वरचे रूळ आणि खालचे रूळ बरोब्बर एकावर एक येतातच असं नाही. त्यामुळे कुठे कुठे वरून आलेला खांब एखाद्या दांडग्या तुळईवर उतरवून त्याचा भार बाजूला सरकवावा लागतो. रस्ता आणि रूळ पेलणारे खांब निराळे, इमारतीचे निराळे. दोघांनी एकमेकांना शिवायचं नाही. वर खांबांच्या पायाशी धक्के जिरवणारे थर. म्हणजे वॉल्डॉर्फसारखी अवाढव्य इमारत यार्डात बगळ्यासारखी उभी असते: पाय पाण्यात, अंग कोरडं. बाकी इमारतींच्या तळघरात जी यंत्रं ठेवतात, त्यांना इथे वरच्या मजल्यांवर जागा शोधावी लागते. तळघर आधीच गाड्यांनी व्यापलेलं!

इथवर हवा म्हणजे खरीखुरी हवा होती, रुळांच्या वरची. 1960 च्या दशकात तिचं आणखी अजब रूपांतर झालं. ती कागदावर उतरली.

1961 मध्ये न्यूयॉर्कनं प्रत्येक प्लॉटवर किती बांधायचं याची मर्यादा एका आकड्यात बांधली. आपण त्यालाच एफएसआय किंवा चटई क्षेत्र निर्देशांक म्हणतो. 10 हजार चौरस फुटांचा प्लॉट आणि निर्देशांक 15, तर दीड लाख चौरस फूट बांधा. ग्रँड सेंट्रल होतं बसकं, ऐसपैस पसरलेलं. म्हणजे परवानगी असूनही न बांधलेले लक्षावधी चौरस फूट त्याच्या डोक्यावर तरंगत होते. रेल्वेची मोटारी आणि विमानांपुढे दमछाक चाललेली, तिजोरी रिकामी. 1968 मध्ये कंपनीनं स्टेशनच्या डोक्यावर 55 मजली टॉवर बांधायचा घाट घातला.

शहरानं नाही म्हटलं. त्याआधीच पेनसिल्व्हेनिया स्टेशन पाडलं गेलं होतं, त्या हळहळीतून 1965 मध्ये वारसा वास्तूंचा कायदा आला होता आणि 1967 पासून ग्रँड सेंट्रल त्याच्या संरक्षणाखाली होतं. कंपनी कोर्टात गेली. जॅकलिन केनेडी ओनासिस स्टेशन वाचवायला उभ्या राहिल्या. एप्रिल 1978 मध्ये त्या आणि त्यांचे सहकारी खास गाडीनं वॉशिंग्टनला गेले. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी शहराच्या बाजूनं कौल दिला. न्यायालयाच्या युक्तिवादातला एक मुद्दा आपल्या कामाचा आहे: कंपनीला डोक्यावर बांधता येत नसलं, तरी ते न बांधलेलं क्षेत्र जवळपासच्या दुसऱ्या प्लॉटवर हलवता येतंच, त्यामुळे तिच्यावरचा बोजा हलका होतो.

इथे मुंबई-पुण्याच्या वाचकाचे कान टवकारले असतील. हस्तांतरणीय विकास हक्क. टीडीआर! चहाच्या टपरीपासून सोसायटीच्या वार्षिक सभेपर्यंत आपण जो शब्द सहज टाकतो, त्याच्यामागे न्यूयॉर्कच्या जुन्या वास्तू वाचवण्याची ही खटपट आहे. मुंबईत टीडीआर आला 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतून. तिथे स्टेशन वाचवायला वापरलेली युक्ती इथे रस्त्याला आणि मैदानाला जागा मिळवण्यासाठी कामी आली. रस्त्यात जमीन गेली? पैशांऐवजी हे घ्या प्रमाणपत्र, दुसरीकडे बांधा किंवा विका. जमीन जागच्या जागी आणि तिची उंची मात्र शहरभर फिरते, ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिचं नवल वाटायचंच थांबलं.

न्यूयॉर्कमध्ये हवेवरून भांडणंही होऊ लागली. स्टेशनला लागूनच वन व्हँडरबिल्ट हा 427 मीटरचा टॉवर यायचा होता. शहरानं बिल्डरला सांगितलं, प्रवाशांसाठी सुमारे 22 कोटी डॉलरची कामं कर, नवे जिने, नवे मार्ग काढ, बदल्यात जास्त मजले घे. तोवर ग्रँड सेंट्रलची हवा एका खासगी गुंतवणूकदाराकडे गेली होती. त्याचं म्हणणं: माझ्याकडून विकत घ्यायची हवा तुम्ही फुकट वाटताय! 2015 मध्ये त्यानं 110 कोटी डॉलरचा दावा ठोकला. पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि 2020 मध्ये टॉवर उघडला.

आणि ती लिफ्टचा खड्डा नसलेली इमारत? पाडली. त्याच जागी आता 423 मीटरचा नवा टॉवर आहे, जो पंख्यासारख्या पसरलेल्या खांबांवर मोजक्याच ठिकाणी जमिनीला टेकतो, कारण खाली गाड्या तशाच चालू आहेत. त्याच्या उंचीसाठी ग्रँड सेंट्रलची हवा विकत घ्यावी लागली.

खुद्द ग्रँड सेंट्रल 2020 पर्यंत त्याच गुंतवणूकदाराच्या ताब्यात होतं, सार्वजनिक वाहतूक प्राधिकरण भाडेकरू होतं. त्या वर्षी प्राधिकरणानं ते विकत घेतलं: सगळे फलाट, उलटं तारांगण असलेलं दालन आणि वर दोन लांबलचक लोहमार्ग, सगळं मिळून सुमारे साडेतीन कोटी डॉलर. या सौद्यातून एकच गोष्ट वगळली होती. डोक्यावरची हवा. ती विकणाऱ्यानं स्वतःकडेच ठेवली.