सरासरी किती वेळाची?

अंधेरीत वीज अदानीची, मुलुंडमध्ये महावितरणची. पण दोन्हीकडे तिची वारंवारता (सेकंदाला होणारी आवर्तने) ५०च. म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे. भिंतीतल्या वायरींमधली हीच लय तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या नाजूक सिग्नलमध्ये शिरते. उपाय म्हणून बरेच नमुने (ठरावीक अंतराने घेतलेली मोजमापे) घेऊन सरासरी काढतात. जितके नमुने जास्त तितका गोंगाट कमी, असा समज त्यामागे असतो. स्वैर गोंगाटापुरता तो खराही आहे.

वर्सोव्याचा समुद्र आठवा. पाण्याची सरासरी पातळी हवी, तर भरती-ओहोटीचे पूर्ण चक्र, सुमारे साडेबारा तास, मोजावे लागते. आठच तास मोजले, तर मिनिटामिनिटाला नोंद करूनही उत्तर चुकते. विजेचेही तसेच. दर मिलिसेकंदाला एक असे २० नमुने घेतले, तर चढ-उतार एकमेकांना खोडतात. २५ घेतले, तर वरचे पाच घोटाळा करतात. घ्यायचेच तर थेट ४० घ्यावेत. दर २० मिलिसेकंदांनी एकच नमुना घेणे सर्वात फसवे: रोज नेमकी भरतीची वेळ गाठून किनाऱ्यावर जाण्यासारखे.

ईसीजीला मात्र ही युक्ती जपून वापरावी. ठोक्याचे टोकदार शिखरही सरासरीत बोथट होते.