बारा काळ आणि एक बुधवार

सकाळी ६

नळाला पाणी आलं की घरोघर बायकांची धांदल सुरू होते आणि त्याच सुमाराला माझ्या फोनवर आवाजी निरोप यायला लागतात. नाशिकच्या सिडकोतून, पाथर्डी फाट्यावरून, पंचवटीतून. "माय सासूबाई गेट्स अप ॲट फाइव्ह. शी मेक्स टी. द मिल्कमन कम्स ॲट सिक्स." मागे भांड्यांचा आवाज, कुकरची शिट्टी. मी एकेक निरोप ऐकते आणि उत्तर पाठवते.

मी प्रौढांना इंग्रजी शिकवते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकजणी तिशी-चाळिशीच्या, मराठी शाळेत शिकलेल्या. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधीच्या या मुलींची एबीसीडी पाचवीत सुरू झाली. काळांची नावं त्यांना पाठ आहेत. साधा, चालू, पूर्ण, चालू पूर्ण, आणि प्रत्येकाचे वर्तमान, भूत, भविष्य असे बाराच्या बारा त्या घडाघडा म्हणून दाखवतात. तरी मुलाच्या शाळेत बाईंनी इंग्रजीत काही विचारलं की गप्प होतात. म्हणून आमचा वर्ग दिवसभराच्या कामांमागून फिरतो. रोज काय होतं, आत्ता काय चाललंय, काय झालं, काय व्हायचंय, हे चार प्रश्न प्रत्येक कामात आपोआप येतात, आणि काळ म्हणजे या प्रश्नांची उत्तरं.

सकाळचा वेळ साध्या वर्तमानाचा, कारण सकाळी सगळं रोजचंच असतं. पहिले काही दिवस मी 'आय'ने सुरू होणारं वाक्य बोलूच देत नाही. नवरा, सासू, मुलगी, दूधवाला यांच्याबद्दलच बोलायचं. मराठीत जातो, जातेस, जाता, जातात असं क्रियापद माणसागणिक बदलतं आणि आपल्याला त्याचं ओझं वाटत नाही. इंग्रजीत बदल एकच, 'ही', 'शी' आणि 'इट'नंतरचा 'स'. तो एवढासा असल्यामुळे जिभेवरून निसटतो. दुसऱ्यांबद्दल बोलत राहिलं की तो जिभेवर बसतो.

सकाळी ८

बुधवार आहे, म्हणजे गोदाघाटावरचा बाजार. आज दोघीजणी बरोबर आहेत. नियम ठरलेला आहे: भाजीवाल्या मावशींशी मराठीतच बोलायचं, त्यांचा खोळंबा करायचा नाही. इंग्रजी आपसात, चालता चालता.

इथे चालू वर्तमान शिकवावा लागत नाही, तो समोर घडत असतो. "शी इज वेइंग टोमॅटोज. ही इज काउंटिंग मनी. द बॉय इज स्प्रिंकलिंग वॉटर ऑन द कोथिंबीर." एकजण जुडी उचलून म्हणते, "आय ॲम वॉन्टिंग मेथी." चूक अगदी साहजिक आहे. मनात 'मला मेथी हवी आहे' असं वाक्य तयार होतं आणि त्यातला 'आहे' इंग्रजीत 'ॲम' होऊन बसतो. पण इंग्रजीत हवं असणं, माहीत असणं, आवडणं, लागणं, किंमत असणं या गोष्टींना करायची कामं मानत नाहीत. त्या अवस्था आहेत, आणि अवस्थेला सहसा 'इंग' लागत नाही. आय वॉन्ट. आय नो. आय नीड. हाऊ मच डज इट कॉस्ट?

मग ती सांगते की मुलगा मेथी खात नाही. "ही डझन्ट लाइक्स मेथी." दुसरी लगेच दुरुस्त करते, "लाइक!" 'डज'मध्ये 'स' एकदा येऊन गेला, तो दुसऱ्यांदा लागत नाही. द्राक्षांच्या पाटीपाशी आम्ही थांबतो. सीझन आहे, दिंडोरी-पिंपळगावाकडचा माल आलाय. "डज युवर डॉटर लाइक ग्रेप्स?" "येस, शी लव्हज देम." अर्धा किलो द्राक्षं पिशवीत पडतात.

सकाळी ९.३०

निमाणीला सिटीलिंकची वाट बघत उभ्या आहोत. एकीने घरी फोन केला, "बस आली की कळवते." फोन ठेवताच मी तिला तेच वाक्य इंग्रजीत करायला सांगते. ती म्हणते, "व्हेन द बस विल कम, आय विल कॉल."

तिचं मराठी वाक्य किती सुंदर आहे बघा. बस अजून यायची आहे, पण आपण 'आली' म्हणतो, म्हणजे रूप भूतकाळाचं. फोन नंतर करायचा आहे, पण आपण 'कळवते' म्हणतो, म्हणजे रूप वर्तमानाचं. पूर्ण वाक्य भविष्याबद्दल आणि त्यात भविष्याचं रूप एकही नाही. दारातून बाहेर पडणारा माणूस 'आलोच' म्हणतो आणि कुणाचा गोंधळ होत नाही. तेव्हा 'मला काळ समजत नाहीत' असं कुठल्याही मराठी बाईने म्हणू नये. काळाचे एवढे बारकावे ती बोलायला लागल्यापासून वापरते आहे. इंग्रजी रेघ कुठे वेगळी ओढते, तेवढं फक्त पाहायचं.

इंग्रजी इथे म्हणते, "व्हेन द बस कम्स, आय विल कॉल यू." 'व्हेन', 'इफ', 'आफ्टर', 'अंटिल' यांच्यामागून येणाऱ्या अशा वेळेच्या किंवा अटीच्या भागात 'विल' घालत नाहीत, तो मुख्य भागात येतो. शिवाय जाईन, जाशील, जाईल असं खास भविष्याचं रूप इंग्रजी क्रियापदाला नाहीच. ते काम मदतीच्या शब्दांवर चालतं. आत्ता बोलता बोलता ठरवलं तर 'विल'. आधीच मनात असलं तर 'गोइंग टू'. वेळ ठरवून पक्कं केलेलं असलं तर 'आय ॲम मीटिंग द डॉक्टर ॲट फोर'. बस येते, आम्ही चढतो. "यू सिट. आय विल स्टँड," एकजण शेजारच्या आजींना म्हणते आणि मग हसून तेच मराठीत सांगते.

सकाळी ११

बँकेत गर्दी आहे. टोकन घेऊन बाकावर बसलो. हा दिवसातला सगळ्यात मोठा धडा, कारण मराठी माणूस सर्वांत जास्त अडखळतो तो इथे.

काम असं आहे की केवायसीचा फॉर्म मागच्या बुधवारी दिला होता, त्याचं काय झालं ते विचारायचंय. मराठीत 'मी मागच्या बुधवारी फॉर्म दिला आहे' हे वाक्य चोख आहे. तेच शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत नेलं तर 'आय हॅव सबमिटेड द फॉर्म लास्ट वेन्सडे' होतं, आणि ते चालत नाही. इंग्रजीत दिवस आणि 'हॅव' या दोन्हींतलं एकच निवडावं लागतं. दिवस सांगायचा तर गोष्ट त्या दिवशीच संपली, आय सबमिटेड द फॉर्म लास्ट वेन्सडे. तिचा आजशी संबंध सांगायचा, म्हणजे फॉर्म तुमच्याकडे आहे, आता पुढचं तुम्ही बघा, तर दिवस गाळायचा, आय हॅव सबमिटेड द फॉर्म. बाकावर बसून दोघी आळीपाळीने पिशवीतले कागद काढतात आणि जोड्या लावतात. आय हॅव ब्रॉट माय आधार कार्ड. आय अपडेटेड माय नंबर इन जानेवारी. आय हॅव चेंज्ड माय ॲड्रेस.

एका बाबतीत मात्र इंग्रजी सोपी आहे, आणि ते मी मुद्दाम सांगते, कारण शिकणाऱ्याला धीर लागतो. मराठीत मी फॉर्म दिला, पावती घेतली, कागद दाखवले. कर्म बदललं की क्रियापद बदललं. इंग्रजीत 'गेव्ह', 'टुक', 'शोड' कुणासाठीच हलत नाहीत.

'एड'चा उच्चारही इथेच घोटून घेते. तो तीन तऱ्हांनी होतो. 'वॉक'चं 'वॉक्ट', 'कॉल'चं 'कॉल्ड', आणि मूळ शब्दाच्या शेवटी ट किंवा ड असेल तरच पूर्ण 'एड': 'वेटेड', 'नीडेड'. शाळेत सगळीकडे 'वॉक-एड' म्हणायची सवय लागलेली असते. बाकी गो-वेंट, गिव्ह-गेव्ह, टेक-टुक, ब्रिंग-ब्रॉट, पे-पेड ही पाठच करावी लागतात. ही वाकडी क्रियापदं भाषेतली सर्वांत जुनी आणि रोजच्या वापरातली आहेत. तोंडात सतत राहिल्यामुळेच त्यांची जुनी रूपं टिकली. 'वेंट' तर मुळात 'वेंड' या वेगळ्याच क्रियापदाचा भूतकाळ, तो 'गो'ने आपलासा केला. नव्याने येणारं क्रियापद मात्र सरळ 'एड' घेतं. म्हणजे पाठ करायची यादी लांब असली तरी आता फारशी वाढणारी नाही.

दुपारी १

सार्वजनिक वाचनालयात थोडा वेळ बसते, संध्याकाळची तयारी करते. १८४० सालची ही संस्था. त्याच्या चारच वर्षं आधी, १८३६ मध्ये, दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण छापून आलं होतं. पुढे तर्खडकर हे नाव घरोघर पोचलं ते भाषांतर पाठमालेमुळे. मराठी वाक्य घ्या, इंग्रजी करा. इंग्रजी घ्या, मराठी करा. कित्येक पिढ्या त्या पाठांवर इंग्रजी शिकल्या. मराठीच्या पायावर उभं राहूनच इंग्रजी शिकावी, हा त्या पद्धतीतला विश्वास मला आजही खरा वाटतो. आपल्या भाषेशी तुलना केली की चूक का होते ते कळतं, आणि कारण कळलेली चूक फार काळ टिकत नाही. मी त्यात फक्त बाजार, बँक आणि दवाखाना आणला.

दुपारी ४

सकाळच्या दोघींपैकी एक सासूबाईंना घेऊन डॉक्टरांकडे आली आहे. मीही सोबत आहे. नंबर यायला वेळ आहे, म्हणून हळू आवाजात सराव चालू.

"आईंना तीन दिवसांपासून ताप आहे." मराठीत साधं 'आहे' पुरतं. इंग्रजीत पूर्ण वर्तमान लागतो: "शी हॅज हॅड फीव्हर फॉर थ्री डेज." 'शी हॅड फीव्हर फॉर थ्री डेज' म्हटलं तर ताप उतरला असा अर्थ होतो. डॉक्टरांसमोर एवढ्याने उपचार बदलू शकतो. आणि 'पासून'चे इंग्रजीत दोन रस्ते होतात. किती वेळ ते सांगायचं तर 'फॉर', केव्हापासून ते सांगायचं तर 'सिन्स'. फॉर थ्री डेज, सिन्स मंडे.

औषधांचंही तसंच. "शी टेक्स अ टॅब्लेट फॉर बीपी एव्हरी मॉर्निंग," ही रोजची गोळी. "शी इज टेकिंग ॲन अँटिबायोटिक," हा सध्याचा कोर्स. "शी टुक अ पॅरासिटामॉल लास्ट नाइट," ती रात्री घेतली, झालं. तीन वाक्यांत रुग्णाची सगळी हकीकत उभी राहते. आत गेल्यावर डॉक्टरांशी बोलणं मराठीतच होतं आणि तसंच व्हायला हवं. पण हिची नणंद बेंगळुरूला असते, तिच्या बाळंतपणाला हीच जाणार आहे. तिथल्या दवाखान्यात ही तीन वाक्यं लागतील तेव्हा ती तयार असतील.

संध्याकाळी ७

संध्याकाळचा वर्ग सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांचा. पहिली पाळी करून, घरी जाऊन, तोंड धुऊन आलेली मुलं आणि त्यांच्यात दोन मुली. कुणी सीएनसीवर ऑपरेटर, कुणी क्वालिटीत. त्यांच्या कामातला सर्वांत नाजूक क्षण पाळी बदलण्याचा. पुढच्या माणसाला काय झालं, काय चालू आहे, काय बाकी आहे ते सांगायचं, आणि बऱ्याच ठिकाणी ते रजिस्टरमध्ये इंग्रजीत लिहायचं.

मी फळ्यावर दोन वाक्यं लिहिते. "द मशीन स्टॉप्ड व्हेन आय केम." "द मशीन हॅड स्टॉप्ड व्हेन आय केम." आणि विचारते, साहेब जाब कुणाला विचारतील?

वर्ग एकदम जागा होतो. पहिल्या वाक्यात मी आलो आणि मशीन बंद पडलं. दुसऱ्यात मी आलो तेव्हा ते आधीच बंद होतं. मराठीत आपण 'पडलं' आणि 'पडलं होतं' यांत हा फरक रोज करतो. तोच 'होतं' म्हणजे 'हॅड'. पूर्ण भूतकाळ हा पुस्तकातला सगळ्यात रुक्ष धडा, पण इथे तो कुणाची चूक कुणावर जाणार नाही याची काळजी घेतो. मग प्रत्येकजण आपल्या पाळीचा अहवाल उभा राहून सांगतो. "आय चेंज्ड द इन्सर्ट ॲट इलेव्हन. आय हॅव चेक्ड फिफ्टी जॉब्स. कूलंट इज लीकिंग. द सेटर इज कमिंग ॲट एट." साधा भूत, पूर्ण वर्तमान, चालू वर्तमान, ठरलेलं भविष्य, सगळे काळ ओळीने येऊन गेले आणि कुणी एकाचंही नाव घेतलं नाही.

रात्री ९.३०

जेवणं आटोपल्यावर पुन्हा फोन वाजायला लागतो. आता वह्यांचे फोटो. दिवसभरात काय केलं ते भूतकाळात लिहायचं आणि उद्याचं एक काम भविष्यकाळात. "वी वेंट टू द बझार. आय बॉट ग्रेप्स. द डॉक्टर गेव्ह मेडिसिन." बँकेतलं वाक्य एकीने अगदी बरोबर लिहिलंय, दिवस आहे आणि 'हॅव' नाही.

सकाळी बाजारात मेथी घेणारीच्या मुलाच्या शाळेत उद्या पालकसभा आहे. तिने विचारायचे प्रश्न लिहून पाठवलेत. "हाऊ डज ही बिहेव्ह इन क्लास? हॅज ही कम्प्लीटेड हिज प्रोजेक्ट? व्हॉट विल यू टीच नेक्स्ट मंथ?" एक रोजच्या वागण्याबद्दल, एक पार पडलेल्या कामाबद्दल, एक पुढच्या महिन्याबद्दल. आईला मुलाबद्दल जे विचारायचं असतं ते सगळं या तीन प्रश्नांत आलं. बाईंशी मराठीत बोलायचा तिला पूर्ण हक्क आहे आणि ते मी तिला नेहमी सांगते. पण भाषा येत नाही म्हणून सभेत मागच्या बाकावर गप्प बसायची वेळ कुठल्याही आईवर येऊ नये, याचसाठी मी हे काम करते. मी तिच्या प्रश्नांखाली एवढंच लिहिलं, "तिन्ही बरोबर आहेत. उद्या पुढच्या रांगेत बसा."