जुन्या ब्राउझरलाही वाट ठेवा!

रात्रभर जागून प्रोजेक्टची वेबसाइट बनवलीत. तुमच्या लॅपटॉपवर ती एकदम झक्कास दिसतेय. सकाळी माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंतचं ट्रॅफिक पार करून घोडबंदर रोडवरच्या कॉलेजात कसेबसे पोचलात. लॅबमधल्या जुन्या कम्प्युटरवर पेज उघडलं आणि... रंग गायब, मेन्यू भलतीकडे, समोर एक्स्टर्नल!

तुमचा कोड चुकलेला नाही, ब्राउझर म्हातारा आहे. विंडोज ७ वर क्रोम १०९ च्या पुढे जातच नाही. सीएसएसमधलं नेस्टिंग क्रोममध्ये आलं ११२ ला, दोन रंग मिसळणारं ‘कलर-मिक्स’ १११ ला. मग लॅबमधल्या मशीनला ते कळणार कसं?

हे दुखणं नवं नाही. २००१ मध्ये आलेला इंटरनेट एक्स्प्लोरर ६ फ्लोट केलेल्या बॉक्सचं मार्जिन चक्क दुप्पट करायचा. त्यावर काहीजण प्रॉपर्टीच्या नावाआधी अंडरस्कोर ठोकायचे. ती ओळ फक्त तो आणि त्याआधीचे इंटरनेट एक्स्प्लोरर वाचायचे, पण व्हॅलिडेटर लाल शेरा मारायचा. खरा उपाय साधा होता : त्याच बॉक्सला ‘डिस्प्ले इनलाइन’ द्यायचं. मार्जिन सुधारायचं, बाकीच्या ब्राउझरना फरक पडायचा नाही आणि सीएसएसही शंभर टक्के व्हॅलिड!

आजही तेच करा. सीएसएसचा नियमच आहे की न कळलेली ओळ ब्राउझर सोडून देतो आणि पुढे जातो. म्हणून आधी साधा रंग लिहा, त्याखाली कलर-मिक्सची ओळ. नवा ब्राउझर खालची घेईल, जुना वरचीवर भागवेल. क्रम उलटा केलात, तर नव्यालाही साधाच रंग दिसेल. नेस्टिंगऐवजी सिलेक्टर सुटेसुटे लिहा. मोठा बदल असेल तर ‘ॲट-सपोर्ट्स’ने आधी ब्राउझरला विचारा, ‘तुला हे जमतं का?’ शेवटी डब्ल्यूथ्रीसीच्या व्हॅलिडेटरमधून फाइल तपासा.

प्रश्न फक्त मार्कांचा नाही बरं का. उद्या तुम्ही स्कॉलरशिपचा फॉर्म बनवाल आणि कुणीतरी तो सायबर कॅफेतल्या जुन्या मशीनवर भरत असेल. तिथं रंग फिका दिसला तर चालेल, ‘सबमिट’चं बटणच दिसलं नाही तर? मेन रोड जाम झाला की सर्व्हिस रोड किती कामी यायचा, हे घोडबंदरवाल्यांना वेगळं सांगायला नको. तुमच्या वेबसाइटलाही तो ठेवा!